केबल दिली म्हणजे चार्जर दिला असं होत नाही

हल्ली हातात मावणारी कुठलीही वस्तू घ्या, ट्रिमर घ्या, टॉर्च घ्या, कानातले बड्स घ्या, बीपी मोजायचं मशीन घ्या, खोकं उघडलं की आत वीतभर लांबीची केबल असते आणि माहितीपत्रकात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की ५ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर वापरा, अ‍ॅडाप्टर सोबत दिलेला नाही. शेजारी एक चित्र असतं, त्यात ती केबल मस्तपैकी लॅपटॉपला लावलेली असते. ते चित्र काढणाऱ्याने आपल्याकडची किती घरं आतून बघितली असतील असा प्रश्न मला दरवेळी पडतो. आपल्याकडे बहुतेक घरांत लॅपटॉप नसतो हो. फोन असतो, कधी कधी माणशी एक असतो, पण कॉम्प्युटर म्हटलं की तो पोराच्या कॉलेजात नाहीतर ऑफिसात.

यूएसबीवर चार्ज करावं की भिंतीतल्या बोर्डावर अ‍ॅडाप्टर लावून, यावर लोक हिरीरीने भांडतात, कोण म्हणतं लॅपटॉपला लावलं की बॅटरी जास्त टिकते, कोण म्हणतं कंपनीचाच चार्जर पाहिजे. पण हे भांडण मुळात एका गोष्टीकडे काणाडोळा करून चाललेलं असतं, ती म्हणजे यूएसबीतून वीज तयार होत नाही. केबलचं दुसरं टोक लॅपटॉपला लावा, टीव्हीच्या मागे लावा, बसच्या सीटला लावा नाहीतर पॉवर बँकेला लावा, मागे कुठेतरी कुणीतरी दुसऱ्या व्होल्टेजचे ५ व्होल्ट केलेलेच असतात. घरात ते काम अ‍ॅडाप्टर करतो. तर माझं म्हणणं एवढंच की पोर्ट कुठला असावा यावर जगभर कायदे झाले ते चांगलंच झालं, पण त्या २३० चे ५ करणाऱ्या डब्याची जबाबदारी कुणाची हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला आणि खोक्यातून अ‍ॅडाप्टर काढून टाकून कंपन्यांनी ती अलगद गिऱ्हाइकाच्या गळ्यात टाकली. दोर-पोहरा दिलाय, विहीर तुमची तुम्ही शोधा.

मी यूएसबीच्या विरोधात आहे असं मात्र समजू नका, उलट ज्यांनी २००५-०६ च्या आसपास मोबाईल वापरलाय त्यांना जाड पिन आणि बारीक पिन आठवत असेल. नोकियाची आधी जाड होती मग बारीक आली, सोनी एरिक्सनचं ते रुंद चपटं प्रकरण वेगळं, सॅमसंगचं अजून वेगळं, आणि लग्नात हॉलवर गेलं की दोन तासांत कुणीतरी येऊन विचारायचंच, बारीक पिन आहे का हो कुणाकडे. फोन बदलला की चार्जर कपाटात जायचा आणि तिथेच राहायचा. चीनने २००६ मध्ये नियम काढला की मोबाईलच्या चार्जरला यूएसबीचं तोंड हवं म्हणजे वायर वेगळी आणि डबा वेगळा, मग २००९ मध्ये युरोपात चौदा कंपन्यांनी मायक्रो यूएसबीवर एकमत केलं, पुढे २०१४ मध्ये टाइप-सीचं मानक आलं. टाइप-सीचं मानक कंपन्यांनी मिळून काढलं, पण सगळ्यांनी एकच पोर्ट वापरणं आपोआप झालं नाही, ते सरकारांनी मागे लागून करून घ्यावं लागलं.

गोल पिनेचा दुसरा ताप म्हणजे पिन बसते पण व्होल्ट जुळत नाहीत. राउटरचा अ‍ॅडाप्टर १२ व्होल्टचा, ट्रिमरचा ५ चा, स्पीकरचा ९ चा, आणि पिना दिसायला सारख्याच. एक हरवला की घरातला दुसरा लावून बघायचा हा आपला स्वभाव, बसली म्हणजे चालतंय, आणि मग एक दिवस वास येतो. यूएसबीत हे होत नाही कारण नियमाप्रमाणे बनवलेला चार्जर सुरुवातीला ५ व्होल्टच देतो आणि समोरच्या वस्तूने रीतसर मागितल्याशिवाय पुढे जात नाही. त्यामुळे ६५ वॅटच्या चार्जरला बड्सचा एवढासा डबा लावला तर तो जळेल ही भीती फोल आहे, लिहिलेले वॅट ही चार्जरची ऐपत असते, वस्तूला पाहिजे तेवढंच ती ओढते. शिवाय गावाकडे लाइट जाते तेव्हा पॉवर बँक, सोलरचा कंदील, बाईकच्या हँडलला बसवलेलं सॉकेट या सगळ्यावर एकच वायर चालते, ही सोय गोल पिनवाल्या अ‍ॅडाप्टरने कधीच दिली नसती. म्हणजे वस्तूच्या अंगावर यूएसबीचंच भोक पाहिजे यात वादच नाही. वाद आहे तो वायरीच्या दुसऱ्या टोकाचा.

आता ते लॅपटॉपवालं चित्र. साध्या यूएसबी २ पोर्टचा हिशोब सोपा आहे, ५ व्होल्ट आणि जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट. तेही पहिल्या फटक्यात नाही, नियमाने आधी फक्त १०० मिळतात, मग वस्तू कॉम्प्युटरशी बोलते, मला ५०० हवेत म्हणते आणि मग वाढवून मिळतात. निळ्या यूएसबी ३ ला ९०० आहेत म्हणजे साडेचार वॅट. बऱ्याच लॅपटॉपचे पोर्ट प्रत्यक्षात याहून थोडे सढळ असतात, पण तो कंपनीचा मोठेपणा, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. आजच्या फोनची ५००० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. अडीच वॅटने ती भरायला आठ तास जातील, वाटेत उष्णता होऊन वाया जाते ती धरली तर नऊ-दहा, आणि मध्येच कुणी रील बघत बसलं तर टक्का जागचा हलत नाही, कधी कधी तर चार्जिंगला लावलेला फोन उतरत जातो आणि माणूस म्हणतो बॅटरी गेली. बॅटरी नाही गेली, नळ बारीक आहे.

बोर्डावरच्या साध्या अ‍ॅडाप्टरमध्ये गंमत अशी असते की डेटाच्या दोन तारा आतल्या आतच एकमेकींना जोडून टाकलेल्या असतात. फोन आधी ते तपासतो, जोडलेल्या दिसल्या की त्याला कळतं समोर कॉम्प्युटर नाही, चार्जर आहे, आणि मग तो बिनधास्त दीड अँपिअरपर्यंत ओढतो. एवढीशी खूण, पण त्या खुणेवर कितीतरी वर्षं जग चाललं. तेव्हा फोन किंवा टॅब लॅपटॉपवर चार्ज करणं म्हणजे नाइलाज, बड्स, ट्रिमर, पुस्तकं वाचायचं ई-रीडर असल्या कमी भुकेच्या वस्तूंना मात्र ते अडीच वॅट पुरतात, आमच्याकडे तर लोक टीव्हीच्या मागच्या पोर्टलाच ट्रिमर लावून ठेवतात आणि टीव्ही बंद केला की तो पण बंद, सकाळी अर्धी दाढी. ते सोडा.

मुद्दा तो डबा. बाहेरून तो प्लॅस्टिकचा एक ठोकळा दिसतो म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण आत काय चाललेलं असतं बघा. बोर्डातली २३० व्होल्टची एसी आधी सरळ केली जाते, त्याचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, मग एक स्विच ते सेकंदाला हजारो वेळा चालूबंद करतो, आणि अंगठ्याच्या पेराएवढ्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे ५ व्होल्ट निघतात. अलीकडे जीव घेणारी वीज आणि पलीकडे तुमच्या कानाला लागलेला फोन, आणि मध्ये काय, तर ट्रान्सफॉर्मरच्या तारांवरचं इन्सुलेशन आणि सर्किट बोर्डवर मुद्दाम मोकळी सोडलेली काही मिलिमीटरची जागा. चांगला चार्जर आणि वाईट चार्जर यातला फरक तिथे असतो, बाहेरच्या चकचकीत प्लॅस्टिकमध्ये नाही.

मेटलच्या कडेचा फोन चार्जिंगला लावून त्यावरून बोट फिरवलं की बारीक झिणझिण्या येतात, हे बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, दोन्ही बाजूंच्या मध्ये एक खास कपॅसिटर लावलेला असतो, दोन पिनांच्या अ‍ॅडाप्टरला अर्थिंग नसल्यामुळे त्यातून अगदी किंचित करंट गळतो आणि तो बोटाला जाणवतो. पण तो कपॅसिटर खास असतो म्हणजे कसा, तर तो खराब झाला तरी शॉर्ट होणार नाही अशा पद्धतीने बनवून तपासलेला असतो. दोन रुपये वाचवायला तिथे कुणी साधा कपॅसिटर ठोकला आणि तो शॉर्ट झाला तर बोर्डातली लाइट थेट फोनच्या कडेवर येते. मग ती झिणझिणी राहत नाही.

आणि हे दोन रुपये कुठे वाचवले जातात ते बघायला फार लांब जायला नको, कुठल्याही स्टेशनबाहेरच्या गल्लीत जा. ढीग लावलेला असतो, प्रत्येकावर १२० वॅट, सुपर फास्ट, वर कुठल्यातरी ब्रँडसारखं दिसणारं पण एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाव, किंमत १५० म्हणता म्हणता शंभरावर येते. हातात घेतलं तर वजनच लागत नाही, रिकामी काडेपेटी उचलावी तसं वाटतं, खरा ६५ वॅटचा अ‍ॅडाप्टर हातात घेऊन बघा, तो जड लागतो कारण आत तांबं असतं, कपॅसिटर असतात, काहीतरी माल असतो. विकणारा पण बिचारा खोटं बोलत नाही, तो सरळ सांगतो, दादा गॅरंटी नाही, इथे लावून बघा चालतोय का, आणि एक्स्टेन्शन पुढे करतो. फोनवर ती चार्जिंगची वीज चमकली की गिऱ्हाईक खूश. वीज चमकली म्हणजे ५ व्होल्ट आले एवढंच कळलं, मध्ये भिंत आहे की पडदा ते कुठून कळणार.

आपल्याकडे याला नियम नाही असं नाही. अ‍ॅडाप्टर हा बीआयएसच्या म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतो, त्याच्यावर आयएस १३२५२ सारखा मानकाचा नंबर आणि त्याखाली आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी नंबर छापलेला असावा लागतो, आणि बीआयएस केअर नावाच्या अ‍ॅपमध्ये तो नंबर टाकला की कुठल्या कारखान्याचा, कुठल्या वस्तूसाठी, चालू आहे की रद्द झालाय हे दिसतं. चांगली सोय आहे. पण गल्लीतल्या ढिगावर ही तपासणी कोण करतं, आणि घेणाऱ्याला हे माहीत असतं का, तर नाही. खोक्यात अ‍ॅडाप्टर येत होता तेव्हा ही तपासणी गिऱ्हाइकाला करावीच लागत नव्हती. कंपनीने नोंदणी केलेली असायची, बिघडला तर वॉरंटीत बदलून मिळायचा, त्याने फोन जाळला तर भांडायला एक पत्ता होता. आता फोन जळाला की सर्व्हिस सेंटरवाला पहिला प्रश्न विचारतो, कुठला चार्जर वापरला होता. झालं, संपला विषय.

कंपन्यांचं म्हणणं काय तर पर्यावरण. ऑक्टोबर २०२० मध्ये अ‍ॅपलने आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर काढला तेव्हा सांगितलं की लोकांच्या घरात चार्जर पडून आहेत, खोकं लहान झालं की एका पॅलेटवर ७० टक्के जास्त खोकी मावतात, तेवढी वाहतूक वाचते. ऐकायला रास्त आहे. पण आत केबल कुठली दिली, तर एका टोकाला टाइप-सी असलेली, आणि त्यांच्याच आदल्या वर्षीच्या साध्या आयफोन ११ सोबत आलेला चार्जर होता जुन्या चौकोनी तोंडाचा. म्हणजे घरात पडून असलेला चार्जर वापरा म्हणायचं आणि केबल अशी द्यायची जी त्यात शिरणार नाही. नवा अ‍ॅडाप्टर तेव्हा भारतात १९०० रुपयांना वेगळा. सॅमसंगने आधी अ‍ॅपलची टिंगल केली आणि जानेवारी २०२१ मध्ये एस २१ च्या खोक्यातून स्वतःच चार्जर काढला. ब्राझीलच्या सरकारने मात्र हे ऐकून घेतलं नाही, सप्टेंबर २०२२ मध्ये अ‍ॅपलला १ कोटी २० लाख रियालहून जास्त दंड लावला आणि चार्जरशिवाय आयफोन विकायला बंदी घातली, त्यांचं म्हणणं अर्धवट वस्तू विकताय. मला ब्राझीलचं सगळं पटत नाही, ज्याच्या घरात खरोखर चांगला चार्जर आहे त्याच्या गळ्यात अजून एक कशाला मारायचा. पण अर्धवट वस्तू हा शब्द मात्र बरोबर लागलाय.

युरोपने जास्त डोकं लावून काम केलं. २०२२ चा त्यांचा कायदा २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला, फोन, टॅब, कॅमेरे, हेडफोन, हातातले गेम, ई-रीडर, पोर्टेबल स्पीकर सगळ्यांना टाइप-सी सक्तीचं, लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून. आपल्याकडे बातमी एवढीच पोचली की अ‍ॅपलला झुकवलं. पण त्या कायद्यात अजून दोन गोष्टी आहेत ज्यांची चर्चाच झाली नाही. एक म्हणजे चार्जरसकट विकत असाल तर तीच वस्तू चार्जरशिवाय घ्यायचीही सोय द्यावी लागते, निवड गिऱ्हाइकाची. दुसरी म्हणजे खोक्यावर चित्रात दाखवायचं की आत चार्जर आहे का नाही, आणि त्या वस्तूला कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती वॅट लागतात, पीडी म्हणजे यूएसबीची सगळ्यांसाठी खुली असलेली फास्ट चार्जिंगची पद्धत चालते का, हे आकड्यात छापायचं. आणि आता तर ते चार्जरवरही आलेत, २०२८ अखेरीपासून यूएसबी अ‍ॅडाप्टरला सुद्धा टाइप-सीचं तोंड आणि सुटी होणारी केबल पाहिजे असा नियम केलाय. म्हणजे त्यांना कळलं की नुसतं भोक सारखं करून भागत नाही.

तरी युरोपचा नियम जसाच्या तसा आपल्याकडे आणून चिकटवला तर काम होणार नाही असं मला वाटतं, कारण त्यांचा हिशोब सुरू होतो तो घरात चार्जर जास्त झालेत इथून. न वापरलेले आणि फेकलेले चार्जर वर्षाला ११००० टन कचरा करतात असा त्यांचा अंदाज होता. आपल्याकडे शहरातल्या पगारदार माणसाच्या खणात हे खरं असेल, पण खेड्यात किंवा वस्तीत चारपाच माणसांच्या घरात एक धड चार्जर असतो, त्यावर आळीपाळीने फोन लागतात, व्होल्टेज कधी १७० कधी २६०, त्यात तो चार्जर एक दिवस जातो आणि मग रस्त्यावरचा शंभर रुपयेवाला येतो. अशा घरात आजोबांचं बीपीचं मशीन आलं आणि त्यात नुसती केबल आहे, तर ती केबल कशाला लागणार हे सांगायला नको. कचरा वाचवायच्या नावाखाली चांगला चार्जर खोक्यातून गेला आणि वाईट चार्जर घरात आला, आणि तो वाईट चार्जर सहा महिन्यांत कचऱ्यातच जाणार आहे. वाचलं काय.

विजेच्या बचतीचा मुद्दा पण लोक घालतात. एक फोन रोज पूर्ण चार्ज केला तरी वर्षाला नऊ-दहा युनिट जातात, आणि चांगला अ‍ॅडाप्टर रिकामा बोर्डात तसाच राहिला तर वर्षाला एखादं युनिट, यावरून घरात भांडणं करू नका.

भारत सरकारने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना बसवून टाइप-सीवर मान डोलवायला लावली, स्वस्तातल्या साध्या फोनना वेगळा सामाईक चार्जर असावा अशीही चर्चा झाली, आणि मग बीआयएसने टाइप-सीचं मानक काढलं. सगळं लक्ष पोर्टवर. पण बाजारात आज टाइप-सीचं भोक असलेल्या कितीतरी वस्तू अशा आहेत ज्या टाइप-सीच्या चार्जरवर चार्जच होत नाहीत. हे ऐकून लोकांना खोटं वाटतं पण करून बघा, एखादा स्वस्तातला टॉर्च किंवा ट्रिमर किंवा डास मारायची बॅट घ्या, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावा, नवा चांगला पीडी चार्जर लावा, काही होणार नाही, लाल दिवा पेटणार नाही. तीच वस्तू जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरवर लावा, लगेच चालू. कारण असं की टाइप-सीचा चार्जर समोर कुणी आहे हे कळल्याशिवाय ५ व्होल्ट सुद्धा सोडत नाही, आणि ते कळण्यासाठी वस्तूच्या आत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावायचे असतात. काही पैशांचे रेझिस्टर. ते न लावता नुसतं भोक बसवायचं आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात टाइप-सी लिहायचं. मग घेणारा म्हणतो हा नवा चार्जर भंगार आहे, जुनाच बरा. ही चालूगिरी मानकात बसत नाही, पण तपासतंय कोण.

मोठ्या कंपन्यांची चालूगिरी वेगळ्या पातळीवरची असते. ओप्पोने २०१४ मध्ये वूक आणलं, मग वनप्लस, शाओमी, विवो प्रत्येकाचं आपलं एक फास्ट चार्जिंग, ६७ वॅट, ८० वॅट, १२० वॅट. भोक टाइप-सीचं, पण पूर्ण वेग पाहिजे तर डबा त्यांचा आणि बऱ्याचदा केबल पण त्यांचीच, दुसऱ्याचा चांगला पीडी चार्जर लावला तर काही फोन सरळ दहा-अठरा वॅटवर येतात. या कंपन्यांनी भारतात बरीच वर्षं खोक्यात चार्जर दिला याचं मी कौतुक करतो, ते खरंच गिऱ्हाइकाच्या सोयीचं आहे. पण तो हरवला की माणूस परत जाड पिन बारीक पिनच्या काळात जातो, फरक एवढाच की आता पिन दिसायला सारखी आहे त्यामुळे आपण कशाला अडलोय तेच कळत नाही. पीडी सगळ्यांना उपलब्ध आहे, त्या ताकदीची केबल असली की १०० वॅटपर्यंत आधीपासून आणि २०२१ च्या आवृत्तीत २४० पर्यंत जातं, वेगळी भाषा हवीच कशाला. द्यायची असेल तर जरूर द्या पण पीडीवर सुद्धा तोच वेग द्या, युरोपने जवळपास हेच मागितलं.

मला विचाराल तर आपल्याकडे नियम असा हवा की अ‍ॅडाप्टर न देता वस्तू विकायची असेल तर दुकानात त्याच काउंटरवर त्याच कंपनीचा नाहीतर कंपनीने नाव घेऊन मान्य केलेला अ‍ॅडाप्टर ठेवा, दोन्हीची किंमत एमआरपीत वेगळी छापा म्हणजे काढून टाकल्यावर किती रुपये कमी केले ते दिसेल, आणि त्या मान्य अ‍ॅडाप्टरने वस्तू बिघडली तर वॉरंटी नाकारता येणार नाही. आणि खोक्यावर किती वॅट लागतात ते मोठ्या अक्षरात, मराठीत हिंदीत. यावर एक आक्षेप नेहमी येतो की लोक स्वतःच स्वस्त शोधतात, समोर चांगला ठेवला तरी शंभरवाला घेतील, त्याला कंपनी काय करणार. काही लोक घेतीलच. पण आठशे रुपयांच्या ट्रिमरसोबत दीडशे-दोनशे जास्त देऊन नोंदणी असलेला अ‍ॅडाप्टर तिथल्या तिथे मिळतोय आणि विकणारा सांगतोय की यावर वॉरंटी आहे, तर बरेच जण घेतात, गॅस शेगडी घेताना आपण आयएसआयची नळी मागून घेतो की नाही. ती सवय सुद्धा कुणीतरी लावलीच होती.

आता घराबाहेरचं. हल्ली बिल्डर जाहिरातीत लिहितात, बेडरूममध्ये यूएसबी पॉइंट. स्विचबोर्डात पक्का बसवलेला, जुन्या चौकोनी तोंडाचा, २.१ अँपिअरवाला. आज फ्लॅट घेणारा पुढची वीस वर्षं तिथे राहणार आणि तो पॉइंट चार वर्षांत कालबाह्य, वर भिंतीच्या आत चोवीस तास चालू असलेला एक स्वस्तातला अ‍ॅडाप्टर, जो गरम होतोय का ते हात लावून सुद्धा बघता येत नाही. त्या जागी अजून एक साधं सहा अँपिअरचं सॉकेट द्या की. ते आपल्या आजोबांच्या काळात चाललं आणि नातवाच्या काळात पण चालेल, कारण बोर्डातले २३० व्होल्ट बदलत नाहीत, बदलतो तो पुढचा डबा, आणि जे बदलतं ते भिंतीत गाडायचं नसतं.

सरकारी दवाखाने, कोर्ट, कॉलेजची वाचनालयं, एसटी स्टँड इथे पण माझं हेच मत आहे. वॉर्डात रात्रभर बसलेल्या नातेवाइकाला फोन चालू ठेवायचा असतो, रक्त आणायला फोन येणार असतो, आणि अख्ख्या वॉर्डात एक सॉकेट, त्याच्यात एक्स्टेन्शन, त्या एक्स्टेन्शनला अजून एक एक्स्टेन्शन. तिथे कुणा नगरसेवकाच्या निधीतून चार्जिंग स्टेशन म्हणून दहा यूएसबी पोर्टची पेटी लागते, उद्घाटनाचा फोटो येतो, सहा महिन्यांनी त्यातले दोन चालू असतात, बाकीच्यांच्या आतली पांढरी जीभ मोडलेली. साधं सॉकेट एवढ्यात मोडत नाही आणि मोडलं तर गावातला कुठलाही वायरमन बदलतो.

यूएसबी पोर्टच्या बाबतीत डेटा चोरीची भीती घालतात ते मात्र मला थोडं ताणलेलं वाटतं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत ज्यूस जॅकिंग, म्हणजे चार्जिंगच्या पोर्टमधून डेटा चोरणं, आहे, एप्रिल २०२३ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर ऑफिसने ट्विट केलं तेव्हा सगळ्या चॅनलवर चाललं. पण आयफोन २०१३ पासून विचारतो की या कॉम्प्युटरवर भरवसा ठेवू का, अँड्रॉइड २०१५ च्या आवृत्तीपासून नुसतं चार्जिंगवर राहतं, आणि अमेरिकेच्याच एफसीसी या दूरसंचार नियामकाने नंतर म्हटलं की असं प्रत्यक्ष घडल्याची खात्रीशीर उदाहरणं माहिती नाहीत. अनोळखी पोर्टवर फोनने काही विचारलं तर नाही म्हणा, पुरे. मला चोरापेक्षा त्या पेटीतल्या स्वस्त अ‍ॅडाप्टरची जास्त भीती वाटते.

रेल्वेत सॉकेट आहेत, जुन्या डब्यांत ११० व्होल्टचे, आपले अ‍ॅडाप्टर १०० ते २४० वर चालतात म्हणून त्यावरही फोन चढतो. ढिले झालेले असतात, प्लग पडू नये म्हणून कुणीतरी तिकिटाची घडी खुपसून ठेवलेली असते, आणि फोन वायरीलाच टांगलेला. रात्रभर चार्जिंगला लावून झोपायचे लोक, आगीच्या भीतीने मार्च २०२१ मध्ये पश्चिम रेल्वेने रात्री ११ ते पहाटे ५ हे पॉइंट बंद ठेवायला सुरुवात केली. परत तेच, सॉकेटचा दोष नाही, त्याला रात्रभर काय लावलंय ते कुणालाच माहीत नाही हा दोष.

बसचं गणित तेवढं वेगळं, तिथे मी यूएसबीच्या बाजूने आहे. मोठ्या बसची बॅटरी २४ व्होल्टची, त्याचे २३० करायचे आणि मग प्रवाशाच्या अ‍ॅडाप्टरने परत ५ करायचे हा द्राविडी प्राणायाम, वर पावसाळ्यात गळणाऱ्या खिडकीशेजारी २३० व्होल्ट कशाला. पण सध्या सीटच्या मागे जे पोर्ट बसवतात ते जुन्या तोंडाचे, धुळीने भरलेले, आणि त्यांचा करंट इतका कमी की पुण्याहून कोल्हापूरला जाईपर्यंत गुगल मॅप चालू ठेवून फोन जेवढ्यास तेवढा राहिला तरी नशीब. पुढच्या बसखरेदीच्या टेंडरमध्ये सीट कुठल्या कापडाची, पडदे कुठल्या रंगाचे हे सगळं लिहितातच, त्यात टाइप-सी, पीडी, सीटमागे किमान १५ वॅट, आणि दोन स्क्रू काढून बदलता येईल असा सुटा मॉड्यूल, एवढं लिहायला अर्धी ओळ लागते.